सिसिलच्या नावाला ओ

आगाशीच्या बाजारातून समुद्राच्या बाजूला निघालं की केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या लागत. त्यातल्या एका वाडीत, रस्त्यावरून दिसणार नाही इतकं आत, एक लांबलचक कौलारू घर होतं. त्या घरात मी आईला आई म्हणायचं नाही, असं ठरलेलं होतं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. हे असं का ठरलं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. फार मागे नाही, कारण त्याआधीचं मला स्वतःला थोडंच आठवतं; बाकीचं आईनं नंतर कधी तांदूळ निवडता निवडता, कधी माझे केस विंचरता विंचरता सांगितलेलं आहे.

माझे वडील आखातात कामाला गेले होते. सुरुवातीला गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर त्यांचे निरोप येत, साबणाच्या वड्या येत, एकदा माझ्यासाठी चमकणारी रिबन आली. मग निरोप थांबले. ते वारले म्हणावं तर तशी खबर नव्हती आणि आहेत म्हणावं तर कुठे ते कुणाला सांगता येत नव्हतं. अशा बाईला सासरच्या घरात जागा असते, पण ती रोज थोडी थोडी कमी होत जाते. आईनं ती संपायची वाट पाहिली नाही. मला घेऊन ती माणिकपूरला एका भाड्याच्या खोलीत आली आणि काम शोधू लागली.

आई मॅट्रिक झालेली होती. मिठागराच्या गावातून मॅट्रिक होणारी ती पहिली मुलगी, आणि त्याचा तिला मनातून अभिमान होता. पण काम शोधायला लागल्यावर कळलं की मॅट्रिक ही मोठी अडचणीची पायरी आहे. शाळेत शिकवायला ती कमी पडते आणि धुणंभांडी मागायला गेलं तर लोकांना जास्त वाटते. शाळेत डी. एड. विचारलं. कुणी म्हणालं टायपिंग शीक. ती शिकलीही असती, पण शिकेपर्यंत दोघींनी खायचं काय? एका प्रसूतिगृहात आया हवी होती, तिथे रात्रपाळी होती आणि रात्री मला कुठे ठेवायचं याला उत्तर नव्हतं. वसई रोडला नवे कारखाने निघाले होते, त्यांत पॅकिंगला बायका घेत. तिथला एक मुकादम नवऱ्याची चौकशी करायचा आणि नवऱ्याचा ठावठिकाणा नाही हे कळल्यावर त्याच्या बोलण्याचा सूर बदलला. आई थोडे दिवस गेली, मग गेली नाही. प्रत्येकाकडे तिच्यासाठी सल्ला होता. आता या वयात मला दिसतं की त्या सगळ्या सल्ल्यांत मी कुठेच नव्हते. मूल म्हणजे जणू कामावर जाताना खुंटीला अडकवून ठेवायची पिशवी.

शेवटी काम सांगितलं ते आमच्या चर्चच्या फादरांनी. त्यांची आधी आगाशीच्या बाजूला नेमणूक होती, तिथल्या एका घरात म्हातारीच्या सोबतीला बाई हवी होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि वर पगार. मूल बरोबर आणलेलं चालेल, असंही त्यांनी विचारून ठेवलं होतं. आईला इतकं सगळं एकदम जुळून आलेलं पाहूनच भीती वाटली, असं ती पुढे सांगायची. तरी आम्ही ट्रंक आणि भांड्यांचं पोतं घेऊन एसटीनं आगाशीला उतरलो.

वाडीच्या तोंडाशी म्हातारीचा मुलगा उभा होता. बस्त्याव त्याचं नाव. मुंबईला कुठल्याशा कंपनीत मोठ्या जागेवर होता, रविवारी तेवढा आईला भेटायला यायचा. माणूस सभ्य होता, आवाज खाली ठेवून बोलायचा. त्यानं आम्हाला लगेच घराकडे नेलं नाही. पंपाच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती, तीच आमची. तिच्या पायरीवर आईला बसवून त्यानं सगळं समजावून सांगितलं. त्याच्या आईची नजर जवळजवळ गेली होती आणि मन मागेच कुठेतरी राहिलं होतं. सिसिल नावाची त्याची बहीण तरुणपणीच वारली होती. म्हातारी मात्र तिची वाट बघायची. आधी ठेवलेल्या बायकांना ती सिसिल म्हणून हाक मारायची, बायका म्हणायच्या मी सिसिल नाही, की म्हातारी जेवण टाकायची आणि दिवसभर रडायची.

"तुम्ही फक्त ओ द्या," बस्त्याव म्हणाला. "त्यात कुणाचं वाईट नाही."

आई म्हणाली, देईन. मग तो माझ्याकडे बघून जरा अडखळला. "एकच आहे. सिसिलचं लग्न झालं नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं."

आईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी शेजारची पोर आहे, खेळायला येते, असं म्हातारीला सांगायचं ठरलं. त्या संध्याकाळी आईनं मला पुढ्यात घेऊन सांगितलं, "बाय, आपल्या खोलीत मी तुजी आय. त्या घरात मी कोन नाय. लक्षात ऱ्हाईल?" मला तो खेळ वाटला. मी हो म्हटलं.

त्या घराला एक वास होता. पिकल्या केळ्यांचा, मेणबत्तीच्या मेणाचा आणि बंद ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा. पुढे लांब ओटी, ओटीवर म्हातारीची वेताची खुर्ची आणि तिच्याशेजारी एक मोठी आरामखुर्ची, तिच्यात कुणीही बसायचं नाही. ती म्हातारीच्या नवऱ्याची. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आत देव्हाऱ्यासारख्या अल्तारासमोर दिवा, मागे चूल, आणि चुलीपलीकडचं दार उघडलं की बावखल. वसईच्या वाड्यांत अशी तळी असायची, आता बहुतेक बुजवली. हिरवं, न हलणारं पाणी, त्यावर केळीची सावली. भर दुपारी पंप बंद झाला की वाडीत असा सन्नाटा पडायचा की पानवेलीचं एक पान गळलेलंही ऐकू यायचं. अंधाराची मला कधी भीती वाटली नाही. मला भीती वाटायची त्या दुपारची.

म्हातारीला गावात सगळे मोठी बाय म्हणत. पहिल्या सकाळी आई तिच्यासमोर उभी राहिली तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले, आईचा चेहरा चाचपला, कपाळ, भुवया, गाल, हनुवटी, आणि म्हणाली, "वाळलीस गं सिसिल." वाडीवाल्यांची घरची बोली मला बोलता यायची, लिहिता येत नाही; म्हणून मोठी बायचं बोलणं मी माझ्या मराठीत देते. आईनं ओ दिली. त्या दिवशी मोठी बाय ताटभर जेवली.

पुढे एकेक गोष्ट वाढत गेली. आईनं नेसायला सिसिलच्या साड्या घ्याव्यात, असं मोठी बायला वाटू लागलं, कारण आईच्या साडीचा पोत तिच्या बोटांना ओळखीचा नव्हता. ट्रंक उघडली, साड्या निघाल्या, आईला त्या तिच्याच असल्यासारख्या शोभल्या. मग बोलणं. आई मिठागराकडची, पानी म्हणणारी, कोन म्हणणारी. सिसिल सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. "पानी काय, पाणी म्हण," मोठी बाय लहान मुलीला शिकवावं तसं शिकवायची, आणि आई म्हणायची, पाणी. सिसिल कशी बसायची, सिसिल रोझरीच्या जपाची उत्तरं कशी लांबवून म्हणायची, सिसिलला सुकटाच्या चटणीत चिंच लागायची. आई चिंच घालून चटणी करायची आणि खायचीही. आमच्या गावी तिनं चटणीत कधी चिंच घातली नव्हती.

दिवाळीच्या आगेमागे वाडीतली राजेळी केळी पिकली की सुकेळी घालायचं काम निघालं. सोललेली केळी चटयांवर उन्हात मांडायची, फिरवायची, माश्या हाकायच्या, संध्याकाळी आत घ्यायची. पहिले काही दिवस केळं चिकट, मग हळूहळू मधासारखा रंग चढतो आणि सगळ्या अंगणात गोड वास धरून राहतो. मोठी बाय ओटीवर बसून सांगायची आणि आई अंगणात हात चालवायची. मी शाळेतून आले की मलाही बसवायचे. मोठी बाय मला "ए पोरी" म्हणायची. आई मला "ए मुली" म्हणायची. सुरुवातीला असं म्हणताना ती हळूच डोळा मिचकवायची. नंतर मिचकवायची थांबली.

एका दुपारी जेवून हात धुताना आई सहज म्हणाली की बावखलाकडे एकटी जाऊ नकोस, लहानपणी मी तिथे पडले होते, गड्यानं केस धरून वर काढलं. मी तिच्याकडे बघत राहिले. आम्ही तेव्हा आमच्या खोलीत होतो, ऐकायला कुणी नव्हतं. ही गोष्ट मी मोठी बायच्या तोंडून ऐकली होती. पडली होती सिसिल. आईच्या गावाला बावखल नव्हतंच, तिकडे खाडी आणि मिठाचे वाफे. मी तसं म्हटलं. आई गोंधळली. तिनं डोक्यामागे हात नेला, जिथे केस ओढले गेले असतील तिथे, आणि म्हणाली, "हां, ते त्यांचं." पण तो हात तिनं लवकर खाली घेतला नाही. त्या दिवसापासून आमच्या खोलीतही मी तिला पुन्हा पुन्हा आये, आये म्हणून हाक मारायचे. काम काहीच नसायचं. तिनं ओ दिली की मला बरं वाटायचं.

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी सगळा गाव दफनभूमीत जातो. कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. मोठी बायला चालवत नव्हतं, म्हणून तिनं आईला मेणबत्त्या देऊन पाठवलं. बस्त्याव त्या वेळी आला नव्हता. आम्ही त्या घराची कबर शोधली. दगडावर म्हाताऱ्याचं नाव होतं, त्याच्या आईवडिलांचं होतं, लहानपणी गेलेल्या एका मुलाचं होतं. सिसिलचं नव्हतं. आईला वाटलं दुसरीकडे असेल. ती प्रत्येक ओळीतून फिरली, वाकून वाकून नावं वाचत. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांच्या कबरीपाशी गुडघे टेकून होते, मेण वितळत होतं, झेंडूचा वास होता, आणि माझी आई सिसिलची साडी नेसून सिसिलची कबर शोधत होती. दोन बायका आमच्याकडे बघून आपसात काही बोलल्या. आईनं उरलेली मेणबत्ती मोठ्या क्रुसापाशी लावली. परतताना वाटेत ती एवढंच म्हणाली, "मेली नसंल तर?" आणि थोडं चालून, "मेली नसंल तर मी कोनाच्या जागी बसलेय?"

तिनं बस्त्यावला विचारलं नाही. खोली त्याची, पगार त्याचा. मला वाटतं तिनं स्वतःलाही विचारायचं टाळलं. पण त्यानंतर ओ देण्याआधी ती क्षणभर थांबू लागली.

मग ती दुपार आली. उन्हं वरच होती, पंप नुकता थांबला होता. मी अंगणात चटईजवळ बसून चिंचोके खेळत होते. आई ओटीच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून मोठी बायचे पाय चोळत होती. माडाची एक वाळलेली झावळी सुटली आणि माझ्या अंगावरच आली. डोकं वाचलं, खांद्यापासून कोपरापर्यंत सालटं निघालं आणि रक्त आलं. मी जीव खाऊन ओरडले, "आये!"

आई वळली नाही. तिच्या हाताची लयसुद्धा बदलली नाही. मी पुन्हा ओरडले. ती ठरल्याप्रमाणे गप्प होती असं नव्हतं. मी तिच्या मानेकडे, खांद्यांकडे बघत होते, आणि त्या पाठीला माझी हाक पोचलीच नव्हती. सिसिलला मूल नव्हतं. मग ती कशाला वळेल? आयुष्यात पुढे मी बरंच काही पाहिलं, दवाखान्याच्या आवारात वाढले, माणसं जाताना पाहिली. पण त्या पाठीइतकं काही मला घाबरवू शकलं नाही.

वळली ती मोठी बाय. आंधळे डोळे माझ्या दिशेनं करून ती म्हणाली, "सिसिल, तुझी पोर रडते."

आईचे हात थांबले.

"ऊठ. तिला आत घे," मोठी बाय म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "त्या दिवशी तुझ्या बापानं आतून कडी घातली. तू बाहेर पोर घेऊन हाका मारत होतीस आणि मी चुलीपाशी बसून राहिले. आज तो नाही. घे तिला आत."

आई धावत आली. तिनं मला उचललं, मी इतकी मोठी असून उचललं, आणि आत नेलं. हळद लावताना ती पुटपुटत होती, बाय, बाय, माजी बाय. मोठी बाय खुर्चीतून उठून भिंत धरत धरत चुलीपाशी आली आणि माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. सिसिल तरुणपणी वारली नव्हती. लग्नाआधी तिला मूल झालं होतं, ते घेऊन ती घरी आली होती आणि तिच्या बापानं दार उघडलं नव्हतं. ती कुठे गेली ते कुणी शोधलं नाही. ती मेली, असं ठरवून टाकलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मोठी बाय झोपल्यावर आई मला घेऊन एसटीनं माणिकपूरला फादरांकडे गेली. तिनं सगळं सांगितलं. फादर म्हणाले की तिकडे नेमणुकीला असताना त्यांना त्या घरातून कधी कुणी सिसिलच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, सांगितला नव्हता. तेव्हाच त्यांना शंका आली होती. सिस्टरांच्या मठांतून, दवाखान्यांतून विचारता येईल. अशा मुली बहुतेक तिथेच कुठेतरी आसरा घेतात.

"पण कार्मेल," ते आईला म्हणाले, "ती सापडली आणि आली, तर तुझं काय?"

"ते मंग बगू, फादर," आई म्हणाली.

त्यानंतरचे आठवडे फार विचित्र होते. मोठी बायच्या लेखी आता मी सिसिलची पोर होते. ती मला मांडीशी घेऊन बसायची, सुकेळ्याचे तुकडे भरवायची, दुपारी थोपटून झोपवायची. मला ते आवडायचं, हे सांगायला हवं. पण झोप लागता लागता ती एकदम माझ्या तोंडावर हात ठेवायची आणि कुजबुजायची, "आला. आवाज करू नको." आम्ही दोघी श्वास धरून बसायचो. ओटीवरची ती रिकामी आरामखुर्ची करकरायची. वेताची खुर्ची उन्हानं करकरते, मला आज माहीत आहे. तरी सांगते, त्या आवाजात कुणीतरी बसल्याचं वजन होतं. आईनंही तो ऐकला होता. ती चुलीपाशी उभी राहून पदराचं टोक हातात घट्ट धरायची आणि खुर्ची शांत होईपर्यंत हलायची नाही.

ती आली तीही दुपारीच. वाडीच्या बांधावर एक जाडसर, केस पांढरे व्हायला लागलेली बाई उभी होती. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. बराच वेळ ती पुढे येईना. आईनं तिला ओटीवरून पाहिलं आणि कुणी न सांगता ओळखलं. बाई अंगणातून चालत आली, पायऱ्या चढली, आणि मोठी बायच्या समोर येऊन उभी राहिली.

मोठी बायनं मान वर केली. "कोण आलंय?"

बाईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"सिसिल, कोण आलंय बघ. दमून आलेल्या दिसतात. त्यांना पाणी दे."

आईनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि सिसिलच्या हातात दिला. सिसिलनं तो घेतला. ती आईच्या अंगावरच्या साडीकडे बघत होती, निळ्या फुलांची, तिचीच. पाणी ती प्याली की नाही, मला आठवत नाही. मोठी बायनं हात पुढे करून पाहुणीचा हात चाचपला, कष्टाचे हात आहेत म्हणाली, आणि सौजन्यानं विचारलं की आपण कुठल्या गावच्या.

सिसिल वळून चुलीपाशी गेली. आई तिच्यामागे गेली, मी आईच्या. भिंतीला टेकून ती आवाज न करता रडत होती. नंतर त्या दोघी बोलल्या. ती डहाणूकडे सिस्टरांच्या एका दवाखान्यात होती. आधी फरशी पुसायची, मग वॉर्डात मदतनीस झाली. मुलगी तिथेच वाढली, शिकली, लग्न होऊन गेली. बाप गेल्याचं तिला कळलं होतं, पण आई बोलावेल तेव्हाच जायचं असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि बोलावणं आलं नाही. फादरांचा निरोप मिळाला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. आता ती माझ्या आईला म्हणत होती की हे असंच राहू द्यावं. म्हातारी सुखात आहे. तिला तिची सिसिल मिळालेली आहे. ती स्वतः संध्याकाळच्या गाडीनं परत जाईल.

आईनं ऐकून घेतलं. मग तिनं आमच्या खोलीत जाऊन स्वतःची साडी नेसली, सिसिलची साडी घडी करून आणली आणि तिच्यासमोर ठेवली. "मला काम पायजे, बाई," ती म्हणाली, "पन हे काम माज्यानं आता व्हायचं नाय. माजी पोर रगतानं भरली आनि मला ऐकू आलं नाय."

तेवढ्यात ओटीवरून हाक आली. "सिसिल."

आईनं माझं मनगट धरलं होतं, त्यावर तिची बोटं रुतत होती. सिसिल जमिनीकडे बघत होती.

"सिसिल, कुठे आहेस गं?"

पंप बंद होता. घरात कसलाही आवाज नव्हता. मोठी बाय खुर्चीतून उठायला लागली, तिची काठी खाली पडली, आणि तिसऱ्या हाकेला तिच्या आवाजात रडं होतं. आईनं तोंडावर हात दाबून धरला होता, कारण ओ तिच्या ओठांपर्यंत आली होती. मी ते बघितलं. आणि तेव्हा सिसिलनं ओ दिली. घोगरी, फाटलेली, अर्धवट ओ. ती बाहेर गेली आणि खुर्चीपाशी खाली बसली. मोठी बायनं दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, कपाळ, भुवया, गाल. बराच वेळ. मग म्हणाली, "आवाज कशानं बसला तुझा? थंड पाणी प्यायलीस."

आम्ही दुसऱ्या दिवशी तिथून निघालो. बस्त्यावला बहिणीनंच कळवलं असणार. आम्ही निघालो तेव्हा तो आलेला नव्हता. सिसिल परत दवाखान्यात गेली नाही. तिनं सिस्टरांना निरोप दिला आणि तिची वॉर्डातली जागा आईला मिळाली. मॅट्रिक म्हणजे भरपूर झालं, असं तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आवारात खोली होती, मिशनची शाळा होती, रात्रपाळीला मी पलीकडच्या कॉटवर झोपले तरी कुणी काही म्हणत नसे. आईनं तिथे पुढची सगळी वर्षं काढली. तिथे पोचल्यापासून ती पुन्हा पानी म्हणू लागली. मी मात्र कितीतरी दिवस तिला मागून हाक मारून बघायचे, आणि ती वळेपर्यंत जागची हलायचे नाही.

मोठी बाय गेल्यावर काही दिवसांनी सिसिल आम्हाला भेटायला डहाणूला आली. येताना सुकेळी आणली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिनं शेवटच्या दिवसांचं सांगितलं. मोठी बाय शांतपणे गेली. त्या दुपारनंतर तिनं आमचं नाव काढलं नव्हतं, तिला काही आठवत नाही असंच सिसिल धरून चालली होती. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पाय चोळून घेताना मोठी बायनं तिला सहज विचारलं, "त्या दुसरीला काम मिळालं का गं? तिला पोर आहे."

आई हातातल्या सुकेळ्याकडे बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. वॉर्डातून कुणीतरी कार्मेलमावशी म्हणून हाक मारली. आईनं ओ दिली आणि ती उठून गेली.